जुन्या एस्टीमला हवा कुठून लागतेय : प्रकल्प नोंदी

गाडी मारुती एस्टीम व्हीएक्सआय, २००३ची. इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर). बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. ही गाडी मला विकायची नाही आणि भंगारातही घालायची नाही, म्हणून सुट्ट्या घालवून हे काम केलं. याच इंजिनाची किंवा त्या काळातली दुसरी एमपीएफआय गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय, चुका आणि खर्च धरून.

१ डिसेंबर २०२४, रविवार

तक्रार नीट लिहून काढली. गेल्या चार महिन्यांत गॅरेजला दोनदा जाऊन ३,४०० रुपये घालवले आणि दोन्ही वेळा तोंडीच सांगितलं की "आयडलिंग बरोबर नाही" (आयडलिंग म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन फिरतं तो वेग). तेवढं सांगून भागत नाही.

सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की पहिली चार-पाच मिनिटं इंजिन थरथरतं. सायलेन्सरचा आवाज 'फट्... फट्...' असा तुटक येतो, म्हणजे एखादं सिलिंडर मिसिंग आहे. गाडी गरम झाली की थरथर पूर्ण जाते. पण मग आयडलिंग खाली यायला तयार नसतं. पूर्वी मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास असायचं ते आता १३००वर अडकतं, आणि सिग्नलला उभं राहिलं की काटा कधीकधी ११०० ते १७०० असा वर-खाली झोके घेतो.

गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या पाकळीचं घर) साफ केली, प्लग बदलले, थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवला. त्या स्क्रूवर कंपनीच्या रंगाचा ठिपका असतो, तो तुटलेला आज दिसला. दोन्ही वेळा गाडी तिथे पोचली ती गरम होऊनच, त्यामुळे सकाळची थरथर कुणी पाहिलीच नाही.

चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर लावून पाहिला, कनेक्टच झाला नाही. आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष नोंदवायच्या यंत्रणेची) सक्ती आली ती बीएस-४ या प्रदूषण नियमांबरोबर, २०१० पासून. २००३च्या गाडीवर स्वस्तातल्या स्कॅनरचा भरवसा धरू नये.

४ डिसेंबर, बुधवार

पहिली चूक. आयडलिंग चढं आहे म्हणजे आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (पाकळी मिटलेली असताना इंजिनाला हवा सोडणारा) गेला असणार, असं मनात पक्कं बसलं होतं. जुन्या बाजारातून ९०० रुपयांना एक सेकंडहँड व्हॉल्व्ह आणला आणि ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून बसवला. काटा १३००वरच.

जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला तर तो चांगला होता. संध्याकाळी शांत डोक्याने विचार केल्यावर उलगडा झाला. या इंजिनात हवा मोजायला एअर-फ्लो मीटर नाही, मॅप सेन्सर आहे. तो सक्शन मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब बघतो. कुठून जादा हवा आत आली तर दाब वाढतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिनाने हवा जास्त घेतली, आणि तो त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो. जादा हवा आणि जादा पेट्रोल, म्हणजे रेस वाढणारच. ईसीयू आयडल व्हॉल्व्ह बंद करत आणतो, पण तो पूर्ण बंद झाला तरी भोकातून हवा येतच राहते. मग रेस फारच वर गेली की, पाय ॲक्सिलरेटरवर नसल्यामुळे, ईसीयू पेट्रोल तोडतो. काटा खाली येतो, पेट्रोल परत सुरू होतं, काटा पुन्हा वर. सिग्नलवरचे झोके ते हेच. व्हॉल्व्ह आपलं काम करत होता, हवा दुसरीकडून येत होती.

८ डिसेंबर, रविवार

व्हॅक्यूम गेज आणला, ८५० रुपये. मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या एका बारीक पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडला. टी आणि पाइप फिश टँकच्या दुकानातून घेतले, तिथे ते छान मापात मिळतात.

समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं. उंचीबरोबर हा आकडा दर हजार फुटांना साधारण एक इंचाने उतरतो. पुणे १८०० फुटांच्या वर, म्हणजे इथे १५ ते १९ धरायचे. माझा काटा गरम इंजिनावर १४वर, स्थिर. इंजिनातला एखादा व्हॉल्व्ह जळालेला असता तर काटा ठरावीक लयीत थडथडला असता. तसं नव्हतं, म्हणून इंजिन उघडायचा विचार बाजूला ठेवला.

मग एकेक पाइप दाबून बंद करायला सुरुवात केली. पक्कडीच्या जबड्याला सुती चिंधी गुंडाळली, कारण वीस वर्षांचा रबर नुसत्या पक्कडीने दाबला तर तिथेच चिरतो. ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा) पाइप दाबला, फरक नाही. कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) दाबला, फरक नाही. पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये ओढून घेणारा) पाइप मॅनिफोल्डजवळ दाबला आणि काटा सरळ १३००वरून १०५०वर आला, गेज १६वर.

इतका आनंद झाला की तिथेच थांबलो. पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा अडकलाय असं ठरवून टाकलं. ही दुसरी चूक.

१४ डिसेंबर, शनिवार

नाना पेठेतून नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणला, २४० रुपये. बसवला. काटा परत १३००.

आता तोच पाइप दोन ठिकाणी दाबून पाहिला. मॅनिफोल्डच्या टोकाला दाबला की रेस उतरते. व्हॉल्व्हच्या टोकाला दाबला की काहीच होत नाही. म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून येत नव्हती, या दोन जागांच्या मधे कुठेतरी घुसत होती. हे रविवारी केलं असतं तर एक आठवडा आणि २४० रुपये वाचले असते. पाइप कधीही दोन्ही टोकांना दाबून बघा.

पाइप काढला. वरून अगदी ठाकठीक. काळा, तेलकट, कुठे भेग नाही. पण जिथे तो कोपरासारखा वळतो तिथे खालच्या अंगाला बोट फिरवलं तर कडा लागली. पाइप हलकेच दुमडल्यावर तीन सेंटिमीटरची आडवी चीर उघडली, आतला रबर राखाडी आणि भुसभुशीत. सोडला की चीर मिटायची आणि दिसेनाशी व्हायची. बसवलेल्या जागी ती नजरेला पडणं शक्यच नव्हतं.

दुकान बंद होत आलं होतं म्हणून तात्पुरता पाणी भरायचा साधा नितळ पाइप कापून लावला. वीस मिनिटं गाडी चालवून आलो तर तो गरम होऊन व्हॅक्यूमने चपटा झाला होता. या जागी आत धाग्याचं विणकाम असलेला, तेल सोसणारा पाइपच हवा.

१५ डिसेंबर, रविवार

काल रात्री फोन करून ठेवला होता, दुकानदाराने आज सकाळी तासभर शटर उघडून वळणासकट तयार पाइप दिला. १९० रुपये. गरम आयडलिंग १०५०, झोके बंद.

१०५० का, ८५० का नाही? तर तो फिरवलेला स्टॉप स्क्रू. थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटतच नव्हती. स्क्रू मागे घेऊन पाकळी पूर्ण मिटू दिली, मग स्क्रू लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत आत आणला आणि तिथून पाव फेरा. ईसीयूने जुन्या आयडलिंगचं शिकलेलं पुसायला बॅटरीची तार पंधरा मिनिटं काढून ठेवली, परत जोडून गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवली. काटा ८७०वर येऊन बसला. गेज १७.

हा स्क्रू आयडलिंग कमी-जास्त करण्यासाठी नसतो. पाकळी मिटताना बॉडीत रुतू नये एवढ्यासाठी तो आहे. कुणी तो फिरवायला लागलं तर हात धरा.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी ११ अंश. गाडी स्टार्ट केली आणि थरथर होतीच, पूर्वीइतकीच. मी दोन तक्रारींचं एकच कारण धरून चाललो होतो. तसं नव्हतं. पीसीव्हीच्या चिरेतली हवा चारही सिलिंडरांना सारखी वाटली जायची, त्यामुळे सगळ्या इंजिनाची रेस वाढायची. थंडीत ईसीयूला चढं आयडलिंग हवंच असतं, म्हणून सकाळी ती चीर लपून जायची. एकच सिलिंडर मिसिंग होतंय म्हणजे हवा त्या एका सिलिंडरच्या नळीतच शिरत असली पाहिजे. मॅप सेन्सर सगळ्यांची सरासरी बघतो, एकाला जादा हवा मिळाली तर त्याच्यापुरतं पेट्रोल वाढत नाही आणि ते उपाशी राहतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसच्या आधी, थंड इंजिनावर, एकेक इंजेक्टरचं कनेक्टर काढून पाहिलं. एक, दोन, तीन : प्रत्येक वेळी इंजिन गचका खातं. चार : काहीच फरक नाही. गरम झाल्यावर परत केलं, तेव्हा चारही ठिकाणी गचका. चौथ्याचा प्लग काढला तर टोक पांढरंफट, म्हणजे तिथे पेट्रोल कमी पडतंय. बाकी तिन्ही बिस्किटी रंगाचे.

२१ डिसेंबर, शनिवार

धुराची टेस्ट. रंगाचा रिकामा डबा, झाकणाला दोन भोकं, आत धूपकांड्या. एका भोकातून फिश टँकचा पंप (२२० रुपये) हवा ढकलतो, दुसऱ्यातून लांब पाइपाने धूर बूस्टरच्या तोंडातून मॅनिफोल्डमध्ये. एअर फिल्टरकडचं तोंड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँडांनी बंद केलं. पंप हलकाच हवा, कॉम्प्रेसर लावलात तर चांगली सील उडतील. डबा गाडीपासून सहा-सात फूट लांब ठेवा, पेट्रोलचा जरासुद्धा वास येत असेल तर ही टेस्ट करूच नका.

पहिल्या वेळी धूर पिशवीतूनच बाहेर आला. सायकलची ट्यूब कापून परत आवळलं. दुसऱ्या वेळी डिपस्टिकपाशी थोडा धूर आला, मॅनिफोल्डला कुठेही नाही. पाऊण तास बॅटरी घेऊन वाकून बसलो, एक रेघसुद्धा दिसली नाही. टेस्ट दुपारी केली होती, नाना पेठेतून गाडी चालवत आल्यावर लगेच. त्यात काही चुकतंय हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

चौथ्या सिलिंडरच्या नळीत हवा शिरायच्या जागा दोन : इंजेक्टरचं खालचं सील, नाहीतर मॅनिफोल्डचं पॅकिंग. इंजेक्टर सोपे म्हणून आधी तेच घेतले. फ्युएल पंपाचा रिले काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीतला) दाब उतरतो. तरी रेल सोडताना खाली फडकं धरा, अर्धा कप पेट्रोल येतंच.

खालची चारही सील कडक झाली होती, नखाने दाबली तर बाकेलाइटसारखी. वरच्या ओ-रिंगाही बदलल्या. सेट ५२० रुपये. मुद्दाम व्हायटनच्या घेतल्या, आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, साध्या रबरावर मी विसंबणार नाही. ओ-रिंगांना इंजिन ऑइलचं बोट लावून इंजेक्टर सरळ दाबायचे, तिरके नाही. तीन तास.

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी थरथर तशीच. खूप निराश झालो. तीन आठवडे झाले होते.

२५ डिसेंबर, बुधवार

शेजारचे काका दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. इतके दिवस गॅलरीतून बघत होते, काल संध्याकाळी खाली आले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धूर कधी सोडला होतास?"

"शनिवारी दुपारी, काका."

"गाडी गरम होती?"

"हो."

"अरे, मग कसा दिसेल? गरम झाल्यावर ॲल्युमिनियम फुगतं, पॅकिंग दाबलं जातं. तुझी गाडी सकाळी आजारी असते ना? मग सकाळीच तपास. मी येतो साडेसहाला."

आज साडेसहाला अंधारातच आले, कानटोपी घालून. गाडीला रात्रभर हात लावलेला नव्हता. डबा पेटवला, पंप सुरू केला. दोन मिनिटांत चौथ्या नळीच्या खालच्या अंगाने, मॅनिफोल्ड हेडला मिळतो तिथून, धुराची बारीक सुतासारखी रेघ वर आली. बॅटरीच्या उजेडात ती इतकी स्वच्छ दिसत होती की आम्ही दोघेही काही क्षण बोललोच नाही.

काकांनी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा काडीचा छोटा आरसा आणला होता. तो खाली घालून पाहिलं : शेवटच्या स्टडवर नटच नव्हता. स्टडचे आटे मातीने भरलेले. मी खालून हात घालून चाचपून खात्री केली. कधीतरी जुन्या कामात तो बसवायचा राहिला असणार. तिथे हात पोचत नाही, दिसत तर अजिबात नाही. पॅकिंग तेवढ्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं सैल राहिलं आणि हळूहळू खाल्लं गेलं.

मी म्हटलं नट लावून आवळू. काका म्हणाले, "खाल्लेलं पॅकिंग आवळून भरत नाही. उघड."

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार. मॅनिफोल्डचं पॅकिंग ३१० रुपये, थ्रॉटल बॉडीचं ९०, नट-वॉशर १०, कूलंट ४५०.

या इंजिनात मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतो. मला ते माहीत होतं, पण थोडाच सांडेल म्हणून रेडिएटर रिकामा न करता पाइप सोडला. दोन लिटर कूलंट अंगावर आणि गिअरबॉक्सवर. थोडा चौथ्या पोर्टच्या तोंडाशीही गेला, तो फडक्याने टिपून काढण्यात अर्धा तास गेला. पोर्टांत पाणी उतरलं तर सिलिंडरमध्ये जातं, म्हणून रेडिएटर आधी पूर्ण रिकामा करा.

वरचे नट १२च्या गोटीने सहज सुटले. खालच्यांना लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लागला. एक स्टड नटासकट बाहेर आला. आटे शाबूत होते, तसाच परत बसवला.

जुनं पॅकिंग तीन पोर्टांभोवती अखंड होतं. चौथ्याच्या खाली मात्र नखाएवढा भाग नाहीसाच झाला होता, आणि त्या जागी ॲल्युमिनियमवर काळी काजळीची जीभ ओढल्यासारखी खूण. पृष्ठभाग घासताना काकांनी लोखंडी पत्री हातातून काढून घेतली. प्लॅस्टिकची पट्टी आणि थिनर वापरायला लावलं, कारण मऊ धातूवर एक ओरखडा पडला तरी तो पुढचा लीक. स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून सपाटी पाहिली. खाली उजेड कुठे दिसला नाही.

पॅकिंग कोरडंच बसवलं. सिलिकॉन लावायचा मोह झाला होता, पण जादा सिलिकॉन दाबला जाऊन पोर्टात उतरतो. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क पान्याने २३ न्यूटन-मीटर. राहिलेला नट बोटाच्या टोकावर ग्रीसचा ठिपका लावून त्यावर चिकटवून आत नेला. नऊ प्रयत्न लागले.

कूलंट भरला, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली. संध्याकाळी गाडी चालू करून बघायची खूप इच्छा होती, काकांनी किल्ली मागून घेतली. "हवा काढायला चालवलीस तेवढी पुरे. खरी परीक्षा सकाळी."

३० डिसेंबर, सोमवार

सकाळी ६:४०. काका खाली येऊन थांबले होते. किल्ली फिरवली. पहिल्या फेऱ्यात लागली, रेस चढली आणि मग हळूहळू, न अडखळता उतरत गेली. सायलेन्सरमागे हात धरला, हवा सलग लागत होती. चौथ्या इंजेक्टरचं कनेक्टर काढलं : गचका. परत लावलं : सरळ.

काकांनी बॉनेटवर हात ठेवला, मग म्हणाले, "चहा टाक आता."

१२ जानेवारी २०२५, रविवार

दोन आठवडे रोज वापरून आज नोंद करतोय. गरम आयडलिंग ८५० ते ८८०, गेज १७.५. चौथ्या प्लगचा रंग बाकीच्यांसारखा व्हायला लागलाय. शहरातलं ॲव्हरेज आधी ९.५ होतं, टाकी भरून दोनदा मोजलं, आता १२.८.

कामाला लागलेला खर्च : गेज, पंप, टी-पाइप (६०), पीसीव्हीचा पाइप, इंजेक्टरचा सेट, दोन पॅकिंग, कूलंट, नट मिळून २,७०० रुपये. वाया गेलेला खर्च : आधीच्या गॅरेजच्या दोन फेऱ्या, आयडल व्हॉल्व्ह, पीसीव्ही व्हॉल्व्ह मिळून ४,५४०. इंजेक्टरची सील मी वाया धरत नाही, ती कडक झालीच होती, पण थरथरीचं कारण ती नव्हती. वेळ साधारण तीस तास, त्यातले निम्मे तपास चुकीच्या वेळी केल्यामुळे गेले.

एक गोष्ट राहिली आहे. बूस्टरच्या पाइपातला एकमार्गी व्हॉल्व्ह. गाडी बंद करून तासाने ब्रेक दाबला तर पहिलाच पाय कडक लागतो, म्हणजे व्हॅक्यूम टिकत नाही. बूस्टरचा पडदा तपासला : बंद गाडीत पेडल चार-पाचदा मारून दाबून धरलं आणि स्टार्ट केली, पेडल खाली गेलं. म्हणजे बूस्टर ठीक. व्हॉल्व्ह सांगून ठेवलाय, शनिवारी मिळेल. तोपर्यंत घाटात जात नाही.